टाइमशेअर विकत न घेता पॉइंट भाड्याने घेतले: ऑरलँडोच्या किडानी व्हिलेजचा आमचा अनुभव

निकाल आधी सांगते. डिस्ने व्हेकेशन क्लबचे, म्हणजे डिस्नेच्या टाइमशेअरचे, पॉइंट दुसऱ्या सभासदाकडून भाड्याने घेऊन त्यांच्या किडानी व्हिलेज या रिसॉर्टमध्ये राहणं आम्हाला मनापासून आवडलं. तेच पॉइंट विकत घ्यायचा विचार मात्र आम्ही कागदावर सगळा हिशेब मांडून सोडून दिला. भारतातून आई-वडील आले की त्यांना ऑरलँडोला न्यायचंच, असं ठरवणाऱ्या इथल्या, अमेरिकेतल्या, कितीतरी मराठी घरांना हा मार्ग माहीतच नसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे. फक्त खोली आणि रिसॉर्ट कसं आहे एवढंच वाचायचं असेल तर पैशांचे परिच्छेद गाळून पुढे गेलात तरी चालेल. पण मला विचाराल तर वाचण्यासारखं तेच आहे.

आम्ही पाच जणं. मी, नवरा, मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे. त्यांचं जेवण वेळेवर व्हावं लागतं आणि बाहेरचं त्यांना एखाद वेळ चालतं, रोज दोन्ही वेळा नाही. सासूबाईंना पहाटे उठल्यावर स्वतःच्या हातचा चहा लागतो. हॉटेलच्या दोन वेगळ्या खोल्या घेतल्या की एका खोलीत आई-बाबा एकटे बसतात, दुसरीत आम्ही, आणि मधल्या कॉरिडॉरमधून फेऱ्या चालू राहतात. आम्हाला हवं होतं एक घर: दार बंद होणारी बेडरूम, बसायला हॉल, चालू स्थितीतला ओटा आणि कपडे धुवायचं मशीन. डिस्नेच्या आवारात असं घर क्लबच्या व्हिलांमध्ये मिळतं, पण हॉटेल म्हणून थेट बुक करायला गेलं की एका बेडरूमच्या, सवाना (प्राणी मोकळे चरतात ते कुरण) दिसणाऱ्या व्हिलाचा दर करासकट रात्रीला हजार डॉलरच्या पुढे जात होता. तो आकडा बघितल्यावर पॉइंट भाड्याने मिळतात का याचा शोध सुरू झाला.

हे चालतं कसं ते आधी सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचा व्यवहार अंधारात होतो. टाइमशेअरची जुनी पद्धत अशी, की ठरावीक रिसॉर्टमधला वर्षातला ठरावीक आठवडा तुमचा. डिस्नेने १९९१ साली ओल्ड की वेस्ट उघडून क्लब सुरू केला तो आठवड्यांऐवजी पॉइंटांवर. सभासद एका रिसॉर्टमधला छोटासा हिस्सा घेतो, ते त्याचं होम रिसॉर्ट. त्या हिश्श्यापोटी त्याला दरवर्षी ठरलेले पॉइंट मिळतात. कुठल्या खोलीला, कुठल्या हंगामात, रात्रीला किती पॉइंट लागतात याचा तक्ता दरवर्षी निघतो आणि तो इंटरनेटवर कोणालाही बघता येतो. शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग, रविवार ते गुरुवार स्वस्त. होम रिसॉर्टमध्ये सभासदाला ११ महिने आधी बुकिंग करता येतं, इतर रिसॉर्टमध्ये ७ महिने आधी.

वर्षाचे पॉइंट वर्षात वापरले नाहीत तर ते बुडतात. पुढच्या वर्षात ढकलता येतात, पण ते सभासदाच्या वर्षाच्या पहिल्या ८ महिन्यांतच करावं लागतं. पुढच्या वर्षाचे आगाऊही वापरता येतात. पण तुम्ही या किंवा न या, मेंटेनन्स मात्र भरावाच लागतो. मुलं मोठी होऊन कॉलेजला गेली, गुडघे दुखायला लागले, नोकरी बदलली, अशा वेळी सभासदाकडे पॉइंट पडून राहतात आणि मेंटेनन्सचं बिल येतच राहतं. तो ते पॉइंट भाड्याने देतो, म्हणजे खरं तर आपल्या पॉइंटांवर तुमच्या नावाने खोली बुक करून देतो. त्याचा मेंटेनन्स सुटतो आणि वर थोडे उरतात. तुम्हाला खोली हॉटेलच्या दरापेक्षा बऱ्याच कमीत मिळते. या व्यवहारात दोघांचंही भलं होतं, आणि मला ही पद्धत आवडण्याचं मोठं कारण तेच आहे.

आता पैसे. भाड्याचा दर सध्या पॉइंटमागे २० डॉलरच्या आसपास धरा. मालकाशी थेट बोललात तर थोडा कमी, दलालामार्फत थोडा जास्त. ज्या रिसॉर्टला मागणी जास्त आणि ११ महिने आधीच बुकिंग करावं लागतं, तिथे आणखी चढा. समजा तुमच्या खोलीला रात्रीला ३५ पॉइंट लागतात आणि पाच रात्री राहायचं आहे. १७५ पॉइंट झाले, म्हणजे ३,५०० डॉलर. रात्रीला ७०० पडले. आमच्या वेळी दलालाने सांगितलेल्या रकमेवर पुन्हा कर चढला नाही. हॉटेलच्या दरावर मात्र ऑरलँडोच्या ऑरेंज काउंटीत साडेबारा टक्के कर लागतो, हे तुलना करताना लोक विसरतात. हजारावरचा दर आणि सातशेचा दर यातला फरक पाच रात्रींत एका माणसाच्या भारतातल्या तिकिटाएवढा होतो.

विकत घेतलं असतं तर? नव्या सभासदाला डिस्नेकडून थेट घ्यायचे तर किमान १५० पॉइंट घ्यावे लागतात आणि पॉइंटचा भाव २०० डॉलरच्या वर आहे. म्हणजे ३०,००० डॉलर सुरुवातीलाच. मेंटेनन्स रिसॉर्टप्रमाणे बदलतो. हिशेबासाठी पॉइंटमागे वर्षाला ८ डॉलर धरले तर १५० पॉइंटांचे १,२०० डॉलर. तेच १५० पॉइंट दरवर्षी २० डॉलरने भाड्याने घेतले तर ३,००० लागतात. म्हणजे मालक झाल्याने वर्षाला १,८०० डॉलर वाचतात. ३०,००० भागिले १,८००, साधारण साडेसोळा वर्षं. एवढी वर्षं, एकही वर्ष न चुकता, तिथेच सुट्टी घालवली की मग मुद्दल निघालं. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही, आणि टाइमशेअरच्या कर्जाचं व्याज घराच्या कर्जासारखं नसतं, ते पुष्कळदा दोन आकडी असतं. तेच ३०,००० दुसरीकडे गुंतवले असते तर काय झालं असतं, तेही धरलेलं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण काही जणांच्या बाबतीत ती खरी आहे. हेच पॉइंट जुन्या सभासदाकडून, म्हणजे रीसेलमध्ये, कितीतरी स्वस्त मिळतात. किडानी ज्याचा भाग आहे त्या अ‍ॅनिमल किंगडम व्हिलाचे पॉइंट शंभर डॉलरच्या आसपास निघतात. त्या भावाने हिशेब आठ-नऊ वर्षांवर येतो, आणि तिथल्या कराराची मुदत २०५७ पर्यंत आहे. भाड्याचे दरही वर्षागणिक वाढतच आले आहेत, म्हणजे मालकाचा फायदा हळूहळू वाढतो. ज्यांची मुलं लहान आहेत, जे गाडीने काही तासांवर राहतात आणि ज्यांना खरंच दरवर्षी डिस्नेच हवं आहे, त्यांनी रीसेलचा विचार जरूर करावा. फक्त १९ जानेवारी २०१९ नंतर रीसेलने घेतलेल्या जुन्या रिसॉर्टांच्या पॉइंटांवर रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये बुकिंग होत नाही, हे आधी समजून घ्या. भाडेकरूलाही ही गोष्ट लागू पडते: रिव्हिएरात राहायचं असेल तर ज्याच्या पॉइंटांना तिथे प्रवेश आहे असाच मालक शोधावा लागतो.

आमचं मात्र तसं नाही. एक वर्ष भारत, एक वर्ष डोंगर, एखादं वर्ष कुठेच नाही. अशा घराने तीस वर्षांचा मेंटेनन्स डोक्यावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विकत घ्यायचा आग्रह कसा होतो ते आम्ही जवळून पाहिलं आहे. फ्लोरिडातच एका वेगळ्याच कंपनीच्या प्रेझेंटेशनला आम्ही बसलो होतो, गिफ्ट कार्डाच्या बदल्यात दीड तास. दीड तास कधीच उलटून गेला. समोरचे गृहस्थ अतिशय गोड बोलणारे होते, आणि कागदावर दर वर्षी हॉटेलचा खर्च कसा वाढत जाणार याचा चढता आलेख काढत होते. नवऱ्याने विचारलं, "मेंटेनन्सचा असाच आलेख काढून दाखवता का?" ते थांबले, कोणाला तरी बोलावून आणलं, आणि पाच मिनिटांत पहिला भाव जवळजवळ निम्मा झाला. जो भाव अर्ध्या तासापूर्वी 'आजच्या आजच' होता तो असा खाली येतो, यावरून त्या वस्तूची खरी किंमत काय असेल याचा अंदाज बांधावा. कोणी सही करून बसलं असेल तर फ्लोरिडाच्या कायद्याने १० दिवसांत करार रद्द करता येतो. त्यासाठी लेखी पत्र करारात दिलेल्या पत्त्यावर मुदतीच्या आत धाडायचं, फोनवर बोलून भागत नाही. इतर राज्यांत मुदत वेगळी असते.

आता भाड्याने घ्यायचं कसं. दोन वाटा आहेत. एक, दलाल. डेव्हिड्स व्हेकेशन क्लब रेंटल्स, डीव्हीसी रेंटल स्टोअर अशा कंपन्या फक्त याच क्लबचे पॉइंट बघतात. तुम्ही तारखा आणि खोली सांगायची, ते जुळणारा मालक शोधतात. दोन, मालकाशी थेट. रेडवीकसारख्या साइटवर किंवा सभासदांच्या गटांमध्ये जाहिराती असतात. तिथे फक्त डिस्नेचेच नाही, सगळ्याच कंपन्यांचे टाइमशेअर मिळतात. थेट घेतलं तर पॉइंटमागे दोन-चार डॉलर वाचतात, आणि माणूस नीट भेटला तर तो तुमच्यासाठी वेटिंग लिस्टही लावून ठेवतो. पण फसवणुकीची जोखीम पूर्णपणे तुमची. पहिल्यांदा घेणाऱ्याने दलालाकडे जावं, असं मी सांगेन. पैसे दलालाकडे राहतात, मालकाला काही हिस्सा बुकिंगच्या वेळी आणि उरलेला तुम्ही पोहोचल्यावर मिळतो, म्हणून मालकालाही तुम्ही सुखरूप पोहोचावं असं वाटत राहतं.

आम्हीही दलाल घेतला. त्याचं नाव लिहीत नाही, कारण कामात एक गोष्ट खटकली आणि ती एकाच माणसाची चूकही असू शकते. बुकिंगमध्ये सासऱ्यांचं नाव पासपोर्टवर आहे तसं आलं नाही. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असतं. तिकडे मधलं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं. हॉटेलचं बुकिंग असतं तर फोन उचलून आपणच दुरुस्त केलं असतं. इथे डिस्ने तुमच्याशी बोलत नाही, कारण त्यांच्या लेखी ते बुकिंग सभासदाचं. मी दलालाला मेल करायचा, दलालाने मालकाला, मालकाने क्लबला फोन करायचा. उत्तर यायला इतका वेळ लागला की मी पुन्हा पुन्हा मेल करून जवळजवळ मागे लागले. काम झालं, पण या पद्धतीतला खरा कमकुवत दुवा तोच आहे. तुमच्या सुट्टीची किल्ली शेवटपर्यंत दुसऱ्याच्या खिशात असते. नावं कळवताना पासपोर्ट समोर ठेवून, फर्स्ट नेम आणि लास्ट नेम वेगवेगळं लिहून द्या, आणि कन्फर्मेशन आल्या आल्या एकेक अक्षर तपासा.

करारनामाही ओळ न ओळ वाचा. आमच्या करारात सुरुवातीलाच ठळक अक्षरांत लिहिलं होतं की रक्कम परत मिळणार नाही आणि तारखा बदलता येणार नाहीत. हे कठोर वाटतं, पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. मालकाने तुमच्यासाठी पॉइंट गुंतवले, आणि ऐनवेळी रद्द झालं तर ते त्याच्याही हाती नीट परत येत नाहीत. पोहोचायला ३० दिवसांपेक्षा कमी उरलेले असताना बुकिंग रद्द केलं तर ते पॉइंट एका वेगळ्या होल्डिंग खात्यात जातात आणि त्यांच्यावर फक्त पुढच्या ६० दिवसांतलं बुकिंग करता येतं. म्हणून ट्रिप इन्शुरन्स घ्यायचाच, विशेषतः म्हातारी माणसं बरोबर असतील तर. अनेक पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजाराला संरक्षण हवं असेल तर पहिला पैसा भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांच्या आत पॉलिसी घ्यावी लागते. ही अट आधी बघा, नंतर कोणी ऐकून घेत नाही.

याच होल्डिंगच्या नियमामुळे शेवटच्या क्षणी स्वस्तात खोल्याही निघतात. पॉइंट बुडणार असलेला मालक दोन महिन्यांच्या आतल्या तारखांसाठी बराच खाली येतो. ज्यांच्या नोकरीत रजा सहज मिळते आणि मुलं अजून शाळेत जात नाहीत, त्यांना याचा फायदा घेता येईल. आमच्यासारख्यांना व्हिसा, विमान, शाळा यांची मोट बांधायची असते, त्यामुळे आम्ही ७ महिन्यांच्या आधीच पकडलं. डिसेंबरचा पहिला पंधरवडा हवा असेल तर ११ महिन्यांवर होम रिसॉर्टचाच मालक शोधा, नाहीतर स्टुडिओ केव्हाच संपलेले असतात.

थेट मालकाकडून घेणार असाल तर काही गोष्टी आग्रहाने विचारा. यंदाचा मेंटेनन्स भरला आहे का, कारण थकबाकी असली तर सभासदाचं बुकिंग अडकू शकतं. तो किती जणांना पॉइंट भाड्याने देतो, कारण क्लबच्या करारात सभासदत्व वैयक्तिक वापरासाठी आहे. अधूनमधून भाड्याने देणं चालतं, धंदा म्हणून नाही. अशा मालकावर क्लबने कारवाई केली तर मधल्या मधे तुमची सुट्टी अडकते. झेलवर (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) किंवा वायरने पूर्ण रक्कम मागणाऱ्या अनोळखी माणसापासून दूर राहा, ते पैसे परत येत नाहीत. आणि कन्फर्मेशन नंबर मिळाला की तो लगेच माय डिस्ने एक्सपीरियन्स अ‍ॅपमध्ये जोडून बघा. खोली, तारखा आणि नावं तिथे दिसली म्हणजे बुकिंग खरंच झालं आहे.

एवढं सगळं करून पोहोचलो ते ठिकाण. अटलांटाहून गाडीनेच गेलो, म्हणून कुकर, मसाल्याचा डबा, मुगाची डाळ, तांदूळ आणि भाजणीचं पीठ बरोबर होतं. किडानीची पार्किंग इमारतीच्या खालीच आहे, पावसात सामान भिजत नाही, आणि पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत.

एका बेडरूमच्या व्हिलात पाच जणं राहू शकतात. बेडरूममध्ये मोठा पलंग, हॉलमध्ये सोफ्याचा पलंग आणि एक खुर्चीचा पलंग. किडानीची खास गोष्ट म्हणजे एका बेडरूमच्या घराला दोन बाथरूम आहेत. क्लबच्या अनेक रिसॉर्टमध्ये तेवढ्याच घराला एकच असतं. सकाळी सगळ्यांनी एकदम पार्कला निघायचं असतं तेव्हा याचं महत्त्व कळतं. आई-बाबांना बेडरूम दिली, त्यांची बाथरूम आतच. आम्ही हॉलमध्ये. सोफ्याची गादी पाठीला फार सुखाची नाही, एवढं मनात धरून जा.

स्वयंपाकघर मी आधी उघडून पाहिलं. काचेच्या सपाट पृष्ठभागाची शेगडी, ओव्हन, मोठा फ्रीज, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, दोन-तीन पातेली, एक तवा म्हणून चालेल असा फ्राय पॅन, चाकू, प्लेटा, ग्लास. सांडशी नव्हती, ती घरून नेलेली बरी. शेगडी तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे दूध उतू जायच्या आत पातेलं उचलावं लागतं, नुसतं बटण फिरवून भागत नाही. सासूबाईंनी पहिल्याच सकाळी ते ओळखलं. मी उठले तेव्हा चहा झाला होता, बाबांची गोळी आणि थालीपीठ झालं होतं, आणि दोघं बाल्कनीत बसली होती. समोर जिराफ. "अगं, इकडे ये आधी, हे बघ किती जवळ आलंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू मोठ्याने बोललं तर ते निघून जाईल.

सवाना हे इथलं वैभव आहे, आणि ते शब्दशः बाल्कनीच्या कठड्यापलीकडे आहे. झेब्रे, जिराफ, फ्लेमिंगो, आणि अवाढव्य शिंगांची अंकोले गुरं. त्या शिंगांकडे बाबा तासन्‌तास बघत बसले. गावाकडे त्यांच्या घरी बैल होते. "एवढं ओझं मानेवर घेऊन चरतात कसे?" असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. पार्कचे दिवस संपले तरी बाबांचा ऑरलँडो तो हाच. पैसे वाचवायचे असतील तर एक सांगते: सवाना दिसणाऱ्या खोलीला पॉइंट जास्त लागतात, स्टँडर्ड व्ह्यूला कमी. सवाना बघायला सगळ्यांसाठी मोकळ्या जागा इमारतीत आहेत, तेव्हा दिवसभर पार्कातच फिरणाऱ्यांनी स्टँडर्ड घ्यावी. ज्यांच्याबरोबर दुपारी खोलीवर थांबणारी माणसं आहेत त्यांनी मात्र सवानाच घ्यावी, तिथे कंजूषी नको.

खालीच सना नावाचं रेस्टॉरंट आहे, आफ्रिकन स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड दिलेलं. त्यांची ब्रेड सर्व्हिस सगळ्यांनी मागवावी: नान वगैरे भाकऱ्यांचे प्रकार आणि सोबत छोट्या वाट्यांतून रायतं, आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं अशी नऊ तोंडी लावणी. सासूबाईंनी लसणाचं लोणचं चाखून मान डोलावली, आणि त्यांची मान सहजासहजी डोलत नाही.

दोन गोष्टी माहीत असू द्या. एक, अ‍ॅनिमल किंगडमचं पार्क सोडलं तर इतर पार्क इथून लांब आहेत आणि जाण्यासाठी फक्त बस आहे, ना मोनोरेल ना बोट. गाडी असेल तर प्रश्न नाही. दोन, पॉइंटवर राहणाऱ्यांची खोली रोज झाडली जात नाही. चौथ्या दिवशी कचरा आणि टॉवेल, आणि ८ किंवा जास्त रात्री राहिलात तरच मध्ये पूर्ण साफसफाई. आम्हाला हे चाललं, कारण कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचं मशीन घरातच होतं. पाच जणांचे घामेजलेले कपडे रात्री लावले की सकाळी घड्या. येताना बॅगेत एकही मळका कपडा नव्हता, हा आनंद वेगळाच.

भाडेकरूला सभासदांच्या खास सवलती मिळत नाहीत. पण आवारात राहणाऱ्या प्रत्येकाला जे मिळतं ते सगळं मिळतं: रोज कुठल्याही पार्कमध्ये अर्धा तास आधी प्रवेश, रेस्टॉरंटची आगाऊ बुकिंग, लायटनिंग लेनची (पैसे भरून राइडची लांब रांग टाळायची सोय) निवड ७ दिवस आधी. पार्कची तिकिटं मात्र वेगळी काढायची, त्यात काही वाचत नाही.

सगळ्यांनीच हे करावं असं मी म्हणणार नाही. दोघंच जण असाल, दिवसभर बाहेर आणि रात्री फक्त झोपायला खोली, तर डिस्नेचीच स्वस्त हॉटेलं किंवा आवाराबाहेरची खोली कमी पैशांत पडेल. फक्त स्वयंपाकघर हवं असेल आणि आवारात राहण्याचा हट्ट नसेल तर शेजारच्या बॉनेट क्रीकमधल्या विंडम या दुसऱ्या टाइमशेअर कंपनीच्या मालकांकडून दोन बेडरूमचं घर आणखी स्वस्त मिळू शकतं. ती जागा तीन बाजूंनी डिस्नेच्या जमिनीने वेढलेली आहे. पार्किंग पास द्यायच्या निमित्ताने बऱ्याच टाइमशेअर रिसॉर्टमध्ये दुसऱ्या टेबलाकडे वळवतात आणि तिथे 'ओनर्स अपडेट'चं, म्हणजे विक्रीच्या प्रेझेंटेशनचं, आमंत्रण मिळतं. तुम्ही मालक नाही, तुम्हाला जायची काही गरज नाही. पास घ्यायचा, आभार मानायचे आणि निघायचं. आणि ज्यांच्या तारखा हलू शकतात, व्हिसाचा भरवसा नाही, त्यांनी सरळ रद्द करता येणारं हॉटेल घ्यावं. परत न मिळणारे साडेतीन हजार डॉलर डोक्यावर ठेवून सुट्टीची मजा येत नाही.

पुढच्या वेळी आम्ही वेरो बीच बघतो आहोत. क्लबचंच रिसॉर्ट, पण पार्कपासून दूर, अटलांटिकच्या किनाऱ्यावर. तिथला मेंटेनन्स क्लबमधल्या सर्वात जास्त असलेल्यांत मोडतो आणि करार २०४२ मध्ये संपतो, त्यामुळे तिथले मालक भाड्याने द्यायला तयार असतात. मालक म्हणून मला ते रिसॉर्ट कधीच परवडलं नसतं, भाडेकरू म्हणून तिथला भाव सगळ्यांत चांगला दिसतो. उन्हाळ्यात तिथे समुद्री कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, ते मुलीला दाखवायचं आहे. एका मालकिणीशी बोलणं चालू आहे. तिने आधी इन रूम देऊ केली होती, पण त्यात पूर्ण स्वयंपाकघर नाही, फक्त मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रीज. मी एका बेडरूमचा व्हिलाच मागितला आहे, आणि करारात यंदाचा मेंटेनन्स भरल्याची ओळ घालायला सांगितली आहे. ती ओळ आली की पैसे भरणार.